परमेश्वर तांदळे यांनी समक्ष यावे

ओलावा रक्तपेढी, बीड
दि. २२ ऑक्टोबर २०२४

प्रति,
श्री. परमेश्वर आप्पाराव तांदळे, वय २६
तांदळे वस्ती, चौसाळ्याजवळ, ता. जि. बीड

महोदय,

दि. २० रोजी चौसाळा येथील शिबिरात आपण रक्तदान केलेत, त्याबद्दल रक्तपेढी आपली आभारी आहे. आपल्या रक्ताच्या तपासणीसंदर्भात आपल्याशी समक्ष बोलणे आवश्यक असल्याने पत्र मिळताच रक्तपेढीत यावे. नियमानुसार तपासणीचा निकाल दात्याखेरीज कोणालाही, घरच्यांनाही, सांगता येत नाही.

शिवकन्या पवळ
समुपदेशक

परमेश्वरभाऊ, वरचा मजकूर छापील आहे, तो वाचून घाबरू नका. हे खालचं मी हातानं लिहितेय. तुमचा फोन कालपासून अकरा वेळा लावला, बंदच लागतो. जे सापडलंय त्यावर चांगलं औषध आहे, पण उशीर केलेला चालत नाही. अंगात कणकण वाटली तर कामधंदा टाकून त्याच दिवशी निघा.



तांदळे वस्ती
२५ आक्टोबर

रक्तपेढीच्या बाई,

तुमचं पत्र पोस्टमननं माह्याच हातात दिलं हे बरं झालं. ह्यांच्या हातात पडलं असतं तर चुलीत गेलं असतं. मी रतनबाई, परमेश्वरची माय. चौथी शिकले हाय. लिहिण्यात चुकलं तर हसू नका, आन् हसलात तरी मला हितून काय दिसणार हाय.

बाई, परमेश्वर मेला म्हणून आमाला सांगितलंय. मागल्या साली, दसऱ्याच्या तोंडावर. तो बोअरच्या गाडीवर कामाला होता. ती गाडी पार गडचिरोलीच्या पल्याड जंगलात गेलती. तिथं त्याला ताप आला आन् तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. हे एकटेच गेलते. मला म्हणाले, मी पोचायच्या आधीच त्यानं डोळे मिटलते, गाडी मिळंना, म्हणून तिथंच अग्नी दिला. परत आले ते त्याची बॅग घेऊन. बॅगेत दोन शर्ट, एक ब्रश आन् मी दिलेला चटणीचा डबा. चटणी निम्मी खाल्लेली होती.

मी त्याचं तोंड पाह्यलं न्हाई. दहावा केला, तेरावा केला, बायकांनी माह्या गळ्यात पडून रडून घेतलं, आन् मी आपली त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत बसले. माह्या मनाला ते कधी पटलंच न्हाई. सगळे म्हणाले, रतनबाई दगडाची हाय.

आता तुमी लिहिता की त्यानं वीस तारखेला चौसाळ्यात येऊन रक्त दिलं. घरापासून दीड कोसावर! तिथवर आला आन् घरी कावून आला न्हाई? बापावर रुसलाय का? माह्यावर रुसलाय? बाई, मला एवढंच सांगा, त्याच्या उजव्या भुवईवर वण होता का? बारीक झालाय का? आन् त्याच्या रक्तात काय निघालं ते सांगा.

नियम म्हणता, घरच्यांना सांगता येत न्हाई. त्याचं रक्त काय तुमच्या नियमातून आलं का? माह्यातून आलंय.

फोन करू नका. फोन ह्यांच्याजवळ असतो. म्हाळू जीपवाला रोज बीडला येतो, उलट चिठ्ठी त्याच्या हाती द्या. तो तोंडाचा घट्ट हाय.

रतनबाई



बीड
२७ ऑक्टोबर

रतनमावशी,

मावशी म्हटलं तर चालेल ना? तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि उगाचच हात धुऊन आले.  मी मेलेल्या माणसाला पत्र पाठवलं, तेही त्याच्या आईच्या हातात पडलं. मला माफ करा.

आता नीट ऐका. शिबिरात मी नव्हते. ते बद्रीनाथ अण्णांच्या वाढदिवसाचं शिबिर होतं, तुम्हाला माहीतच असेल. अशा शिबिरात कार्यकर्ते टेबलावर बसून धडाधड फॉर्म भरतात, कारण त्यांना आकडा गाठायचा असतो. "ताप आलता का, काविळ झालती का, बाहेरगावी जाऊन आलात का," सगळ्यापुढं आधीच 'नाही' लिहून ठेवलेलं असतं. माणसानं नाव सांगितलं की लिहिलं, ओळखपत्र बघतंय कोण! तेव्हा मावशी, तिथं परमेश्वर आलेला नाही. तिथं दुसरं कुणीतरी आलं आणि त्यानं परमेश्वरचं नाव सांगितलं, त्याचाच फोन नंबर सांगितला, त्याचं वयसुद्धा सांगितलं. एवढं सगळं तोंडपाठ असलेला माणूस परका नसणार.

तो माणूस आज जिवंत आहे आणि त्याच्या रक्तात काहीतरी आहे. आमच्याकडं आलेली त्याची पिशवी आम्ही बाजूला काढून नष्ट केली, ती कुणाला चढली नाही. त्या बाजूनं निर्धास्त राहा. पण त्याच्या अंगात जे आहे ते तिथंच वाढतंय. म्हणून विचारते: तुमच्या घरातलं, भावकीतलं कोण त्या दिवशी शिबिराला गेलं होतं? परमेश्वरचा भाऊ, मित्र? कुणाला ताप आहे का?

लोकांना वाटतं रक्तपेढीचं पत्र आलं म्हणजे 'तो' आजार निघाला, आणि मग लाजेनं लपून बसतात. तो नाही, हे मी नियम वाकवून सांगते. याहून जास्त वाकवता येत नाही. तुमच्या उपकेंद्रातल्या सुग्रीव आरोग्यसेवकाला मी कळवलंय, तो वस्तीवर येईल. त्याला खरं सांगा.

मी तुम्हाला का एवढी घाई करते ते एकदा सांगून टाकते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असंच एक पत्र पाठवलं होतं. नियम होता, दाता समक्ष येईपर्यंत थांबायचं. मी थांबले. सव्वा महिन्यानं तेच पाकीट परत आलं, वर पोस्टमननं पेननं लिहिलं होतं, 'इसम मयत'. ते पाकीट अजून माझ्या खणात आहे. खण उघडला की तेच आधी दिसतं.

शिवकन्या



तांदळे वस्ती
३१ आक्टोबर

शिवकन्याबाई,

मावशी म्हणा, न्हाईतर काकू म्हणा, पण माह्या पोराला मेलेला म्हणू नका. एकदा तुमीच कागदावर लिहिलंत, 'श्री. परमेश्वर'. शिक्का मारून लिहिलंत. आता मागं सरता होय? मेलेल्या माणसाला सरकार 'समक्ष यावे' म्हणतं का?

आज पहिली अंघोळ. औंदा मी करंज्या केल्या. जावा म्हणाल्या, वर्स सरलं म्हणून करायलीस का? मी म्हणलं, हो. खरं काय ते मलाच ठाऊक. त्याचा निळा शर्ट धुऊन वाळत घातला. दोरीवर वाऱ्यानं हलला तर मी दारातून दोनदा पळत गेले. याड लागलं म्हणा मला, म्हणा खुशाल.

एक विचारते, त्याचं उत्तर द्या. तुमच्या पिशवीतलं रक्त कोणत्या गटाचं हाय? परमेश्वरच्या लायसनवर लिहिलंय, बी पॉझिटिव्ह. ते लायसन माह्या पेटीत हाय. तुमचा गट दुसरा निघाला तर मी गप बसते, पुन्ना तुमाला तरास देणार न्हाई. पण तोच निघाला तर मग तुमी माह्याशी भांडायचं न्हाई.

घरात आमी दोघंच. मुलगी कडा गावाला दिलीय, ती औंदा दिवाळीला येणार न्हाई. हे ओसरीवर गोधडी घेऊन पडलेत. दोन-तीन दिवसांपसून जेवणावर मन न्हाई, फटाका वाजला की दचकत्यात. परवा बाजारातल्या डॉक्टरनं सुई टोचली, मग जरा उठून बसले. वारा-पाऊस बदललाय, सगळ्यांनाच असं व्हायलंय. आधीच ह्यांची ह्या महिन्यात लई दगदग झाली. घटस्थापनेला त्या जंगलात जाऊन आले, जिथं त्याला अग्नी दिला म्हणत्यात तिथं निवद ठेवायला. पाच दिवस तिथंच झाडाखाली राह्यले. मला नेलं न्हाई. मागल्या खेपंलाबी नेलं नव्हतं.

गट तेवढा कळवा.

रतनबाई



बीड
२ नोव्हेंबर, पाडवा

रतनमावशी,

आज सगळा गाव नवे कपडे घालून फिरतोय आणि मी रक्तपेढीत एकटी बसून तुम्हाला लिहितेय. आता मी काहीच लपवणार नाही. नोकरी गेली तर गेली, बघू काय ते.

पिशवीचा गट बी पॉझिटिव्ह आहे.

थांबा. उठू नका. पुढचं वाचा. बापाचा आणि लेकाचा गट एकच असू शकतो, मावशी. पुष्कळ घरांत असतो.

रक्तात मलेरिया निघालाय. साधा नाही, डोक्यात जाणारा आहे. आम्ही प्रत्येक पिशवीचं थेंबभर रक्त काचेवर पसरतो, त्याला जांभळा रंग देतो आणि दुर्बिणीतून बघतो. त्या दिवशी आमच्या टेक्निशियननं मला हाक मारून दाखवलं. बारीक बारीक अंगठ्या, एकेका पेशीत दोन दोन. बीडच्या रक्तात असं आम्हाला क्वचितच दिसतं. हा ताप त्या जंगलातला आहे. परमेश्वरला जो आला होता तोच असणार. तो झाडाखालच्या पाच दिवसांत डासांनी काकांच्या अंगात सोडला आणि काका तो घरी घेऊन आले.

आमच्या साखराबाई सिस्टर शिबिरात होत्या. मी त्यांना सुट्टीत घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "परमेश्वर तांदळे म्हणून हाक मारली तर एक पांढऱ्या मिशांचा माणूस उठून आला. मी म्हटलं, काका, फॉर्मवर सव्वीस वय लिहिलंय. तर हसला नुसता." मावशी, भुवईवर वण नव्हता. ते तुमचे यजमानच होते.

मी काल फोन लावला होता. परमेश्वरचा नाही, तुमच्या घरचा. तो नंबर सुग्रीवनं काढून दिला. काकांनीच उचलला. मी "परमेश्वर तांदळे" एवढं म्हटलं आणि ते म्हणाले, "तो मेलाय," आणि ठेवून दिला. पण त्यांचे दात वाजत होते, मला इकडं ऐकू आलं.

आता एक विचारते, राग आला तर येऊ द्या. सुग्रीव मंगळवारी तुमच्या दारात आला होता. तो सांगतो, बाई उंबऱ्यातच उभी होती, आत येऊ दिलं नाही, म्हणाली, "आमच्यात कुणाला ताप न्हाई." मंगळवारी, मावशी. आणि गुरुवारी तुम्ही मला लिहिता, काका दोन-तीन दिवसांपासून पडून आहेत. का असं केलंत?

नका सांगू. आधी त्यांना उचला आणि सरकारी दवाखान्यात आणा. बाजारातल्या डॉक्टरच्या सुईनं हा ताप फक्त थोडा वेळ दबतो. ही चिठ्ठी हातात पडली की त्याच जीपनं निघा. मी म्हाळूला बजावून ठेवलंय. दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शनं तयार आहेत, मी बोलून आलेय.

शिवकन्या



तांदळे वस्ती
३ नोव्हेंबर

बाई,

चिठ्ठी पोचली. म्हाळूची जीप दारात उभी हाय. त्याला माघारी धाडते. उद्या सकाळी नेते ह्यांना.

आज न्हाई, उद्या. कावून ते विचारू नका. पाया पडते.

र.



तांदळे वस्ती
१७ नोव्हेंबर

शिवकन्या,

आता तुला बाई म्हणवत न्हाई. तू दवाखान्यात रोज डबा घेऊन आलीस, ह्यांच्या सलाईनकडं बघत उभी राह्यलीस, आन् मी तुह्याशी धड बोलले न्हाई. तू समजलीस मी रागावले. मला तुह्याकडं बघायची लाज वाटत होती, पोरी.

कालच्याला घरी आलोत. चालत्यात, पण भिंतीला धरून. कातडं पिवळं पडलंय. डॉक्टर म्हणाला, आजी, आणखी एक दिवस काढला असता तर माणूस हाताला लागला नसता. हे सगळ्यांसमोर म्हणाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला कुठं माहीत, आधीचा एक दिवस मीच काढला होता.

तू विचारलं होतंस, का असं केलंत. आज सांगते. हे पत्र वाचून जाळून टाक.

मला पयल्या दिवसापसून ठाऊक होतं. तुजं पत्र वाचलं तवाच. त्या रविवारी हे चौसाळ्याहून आले तवा सदऱ्याची बाही उतरवून बसलते आन् कोपरात कापूस चिकटपट्टीनं लावलेला होता. मी विचारलं, हे काय? म्हणाले, काटा लागला. मी म्हणलं, असंल. मग तुजं पत्र आलं, त्यावर परमेश्वरचं नाव. मला लगेच समजलं की ह्यांनी त्याच्या नावानं रक्त दिलं. मी काय दूधखुळी न्हाई.

पण पोरी, तो कागद हातात होता ना, त्यावर त्याचं नाव, त्याचं वय, त्यानं यावं म्हणून लिहिलेलं. वर्सभर ज्यानं त्यानं मला तो मेला, तो मेला म्हणून सांगितलं. पयल्यांदा कुणीतरी त्याला म्हणलं, ये. मी मनाला म्हणलं, रतनबाई, एवढ्यात खरं बोलू नको. दोन दिवस राहू दे, चार दिवस राहू दे. सुग्रीव आला तवा त्याला आत घेतला असता तर तो म्हणला असता, हा आप्पाराव, ह्याला ताप, ह्याचंच रक्त. झालं. परमेश्वर पुन्ना मेला असता. म्हणून मी उंबरा आडवला.

एवढं तरी देव माफ करंल. पुढचं करील का, माहीत न्हाई.

तीन तारखेला तुजी चिठ्ठी आली तवा हे भ्रमात गेलते. भर दुपार होती, ओसरीवर ऊन होतं. मी पायांना शेक देत बसले होते. आन् हे बोलायला लागले. एकटेच बोलत न्हवते. एकदा ह्यांच्या आवाजात बोलायचे आन् एकदा परमेश्वरच्या. अगदी तस्सा आवाज, शिवकन्या, जराशी हेल काढून, तो लहानपणी बोलायचा तसा.  शेळ्याबी खुंट्यापशी गप उभ्या होत्या.

"आबा, पाणी." मग हे, "घे, हळू घे." मग तो, "आईला सांगू नका, ती लांबून येईल, तिला बस लागते." मला बस लागते, खरं हाय ते. त्या मरणाऱ्या पोराला ते आठवत होतं.

म्हणजे हे पोचले तवा तो जिता होता. मला वर्सभर खोटं सांगितलं.

तेवढ्यात म्हाळूनं हॉर्न वाजवला. तुजी चिठ्ठी दिली. मी उभ्या उभ्या वाचली. लिहिलं होतंस, त्याच जीपनं निघा. मी आत पाह्यलं. हे म्हणत होते, "परम्या, दिवस उगवू दे, ट्रॅक्टर येतो." मला वाटलं, आता ह्यांना सुई टोचतील, ताप उतरंल, आन् हा आवाज बंद होईल. पुन्ना कधी ऐकायला मिळायचा? मी म्हाळूला म्हणलं, उद्या ये.

तो राह्यलेला दिवस आन् सगळी रात मी पोराजवळ बसले. नवऱ्याजवळ न्हाई, पोराजवळ. त्याला विचारलंबी. "परमेश्वरा, दुखतंय का रे?" तर हे त्याच्या आवाजात म्हणाले, "आबा, झोपू नका हं. मला भ्या वाटतंय. झोपू नका." दहा-वीस वेळा तेच. मग हे ह्यांच्या आवाजात हमसून हमसून रडायला लागले, "डोळा लागला रे, तीन दिसांचा जागा होतो रे, डोळा लागला." मग समजलं मला. हे झोपले आन् तो एकटा गेला. उठले तवा पोरगं गार पडलं होतं. म्हणून मला सांगितलं की मी पोचलोच न्हाई.

मी तिथंच कपाळ बडवून घेतलं. वर्सभराचं रडू तवा आलं. मेला माहा परमेश्वर, तवा मेला माह्यासाठी. आन् तरी जीप बोलावली न्हाई, दुसऱ्या दिवशी सकाळीच नेलं. आणखी काय बोलत्यात ते ऐकायचं होतं.

दवाखान्यात हे शुद्धीवर आले तवा माह्याकडं बघून विचारलं, "तापात मी काय बरळलो का गं?" मी म्हणलं, "बैलाला हाका मारत होता." 

मी ऐकलं हे आता त्यांना कधी कळू द्यायचं न्हाई. ज्याचं त्यालाच भोगू दे. त्या रक्त दिल्याच्या कार्डावरचं नाव बदलायला हे शुक्रवारी तुह्याकडं येणार हायेत, मीच धाडतेय. म्हणाले, खोटं नाव सांगितलं, ते दुरुस्त करतो. मी घरून तुला काय लिहिलं होतं का, असं विचारलं तर न्हाई म्हण. माह्यासाठी एवढं खोटं बोल.

रतनबाई



बीड
२२ नोव्हेंबर

रतनमावशी,

हे पत्र तुमचे यजमानच घेऊन येतील. म्हणून जपून लिहितेय.

काका सकाळी अकरालाच आले. गाडीतून उतरून इथपर्यंत चालत आले, कुणाचा हात धरला नाही. खुर्चीवर टेकले, दम घेतला आणि म्हणाले, "बाई, चोरी कबूल करायला आलो." मी म्हटलं, चोरी कसली काका, रक्त तर तुमचंच होतं. तर म्हणाले, "नाव चोरलं." शिबिरात टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्या पोरानं नाव विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून परमेश्वरचंच नाव निघालं. त्यांच्या लक्षात आलं होतं. दुरुस्त करता आलं असतं. "पण त्यानं ते लिहिलं ना," काका म्हणाले, "आन् वर बघून म्हणाला, बसा परमेश्वरराव. वर्सात कुणी त्याला बसा म्हणलं न्हवतं." मग त्यांनी वयही त्याचंच सांगितलं, नंबरही.

मी नाव बदललं. आता तिथं आप्पाराव लिहिलंय, वय त्रेपन्न. तीन महिने तरी रक्त देता येणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली पण उठेनात. मी चहा मागवला. चहा निवला तरी उठेनात. मग एकदम म्हणाले, "बाई, तापात माणूस बरळतो का खरं बोलतो?"

मी म्हटलं, दोन्ही.

तर म्हणाले, "घरातली म्हणते, मी बैलाला हाका मारत होतो. आमच्यात बैल इकून सहा वर्सं झाली." आणि हसले, मावशी. असं हसू मी आजवर पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. मग म्हणाले, "तिनं ऐकलंय. मला माहीत हाय. आन् ती काही बोलत न्हाई. सकाळ-संध्याकाळ चहा ठेवून जाते. तिनं मला दोन शिव्या द्याव्यात, चार लोकांत विचारावं, कावून झोपलास म्हणून. एक वर्स झालं, मी त्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊन जेवलो न्हाई. आता तर मरूनबी वापस आलो, तरी ती विचारीना."

ते बाहेर बाकावर बसलेत. मी आत बसून हे लिहितेय.

मावशी, तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलं होतं. ते मी बोलणार नाही. तुम्हाला राग येईल, मला ठाऊक आहे, तुमच्या रागाला मी भितेसुद्धा. पण मी एकदा नियम म्हणून गप्प बसले, त्याचं काय झालं ते तुम्हाला सांगितलंय. आता तुम्हीही दया म्हणून गप्प बसलात. बाकावरचा माणूस दिवसेंदिवस त्यानंच वाळत चाललाय, आणि त्यावर दवाखान्यात गोळी मिळत नाही.

तुमच्या पत्रातलं मी त्यांना फक्त एक सांगितलं: तुम्ही ऐकलंय. 'झोपू नका' हेसुद्धा. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाकीचं मी सांगितलं नाही. तुमचं पत्र जाळलं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. त्यात जे होतं ते तुमचं आहे. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा, नसेल तर नका सांगू. पण सांगितलंत तर तेही तुम्हाला शिव्या देणार नाहीत, असं मला त्यांच्याकडं बघून वाटतंय. डोळा लागण्यात आणि 'उद्या ये' म्हणण्यात फार अंतर नाही, मावशी.

हे शेवटचं वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. खोडावं का, असं वाटलं. खोडत नाही.

पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांना वाचता येतं, मी विचारून घेतलंय. गाडी दोनची आहे. वाटेत उघडायचं की तसंच तुमच्या हातात द्यायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. ते दारात आले की तुम्हाला त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळेल. चहाचं आधण आधी ठेवू नका. आधी शेजारी बसा.

शिवकन्या